क्षेमाची नोंद निघत नाही

धम्मदीना वानखेडे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. तुकोगंजमधल्या तिच्या ऑफिसात प्रकाशकांची पुस्तकं एक्सएमएल फायली होऊन येतात. त्यात मजकुराच्या प्रत्येक तुकड्याभोवती तो काय आहे हे सांगणाऱ्या खुणा असतात: हे शीर्षक, ही तारीख, ही तळटीप. खुणा नियमाप्रमाणे आहेत की नाहीत, हे तपासणारी टूल्स चालवणं हे तिचं काम. आजोबा महूच्या पलटणीत होते, वडील शाळेत शिकवत. तिने स्वतः लग्न केलं नाही. तरीही समाजाच्या वधू-वर मंडळाची परिचय पुस्तिका यंदा तिच्याच गळ्यात पडली.

बँकेतून रिटायर झालेले बाबूराव ती पुस्तिका वर्षानुवर्षं काढत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तसा त्यांनी मंडळाचा लॅपटॉप तिच्या घरच्या टेबलावर ठेवला. "फाइल यातच आहे. तुझ्या लाइनचं काम आहे, बेटा."

त्याच आठवड्यात कौसल्याबाई घरी आल्या. बरोबर मुलगा ज्ञानदीप, हातात स्कूटरची चावी फिरवत.

"जयभीम. यंदा तरी क्षेमाला काढ," कौसल्याबाई बसता बसता म्हणाल्या.

त्यांची मुलगी क्षेमा तीन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली. पुस्तिकेत मात्र ती अजून येते. शिक्षण, उंची, फोटो आणि आईचा मोबाइल नंबर. पुस्तिका निघाली की फोन सुरू होतात.

"फोटो तोच आहे ग. पण वय वाढतंय. दरवर्षी एकेक. मागच्या पुस्तिकेत अठ्ठावीस. कोण वाढवतं?"

कुणीच नाही, हे धम्मदीनाला ठाऊक होतं. वय कुणी लिहीत नसे. छपाईच्या वेळी ते जन्मतारखेवरून आपोआप निघे. तिने ते सांगितलं नाही.

"मागे एक बाई विचारत होत्या, मुलगी अजून आहे का? मी हो म्हटलं."

"हो कशाला म्हणालीस, आई?" ज्ञानदीप म्हणाला.

"क्या बताऊं. तोंडातून निघून गेलं. मग अर्धा तास बोलत बसले त्यांच्याशी. तिला काय आवडतं, काय नाही."

ज्ञानदीपची चावी थांबली. ही गोष्ट त्यालाही नवी होती.

धम्मदीनाने त्या दोघांसमोरच बाबूरावांना फोन लावला. ते चिडले. "मी काय मुद्दाम ठेवतो का? हर साल काढतो मी त्या पोरीला. काढली की मशीन अडतं. लाल लाल इंग्लिश येतं आणि पानंच बनत नाहीत. उधर प्रेसवाला डोक्यावर बसलेला. मग जुनी फाइल परत टाकतो, की सगळं बरोबर चालतं."

"लाल अक्षरात काय लिहिलेलं असायचं?"

"ते कोण वाचतं, भिया!" चिडले की बाबूरावांना समोरचं कुणीही भियाच, म्हणजे भैयाच.

ते वाचायचं, तर तपासणीचं टूल चालवायला हवं होतं. लॅपटॉपच्या पडद्यावर त्याचं चित्र होतं, पण मागच्या पुस्तिकेनंतर फोल्डर इकडेतिकडे झाले असावेत, दाबल्यावर काही उघडेना. तिने मशीनला थेट हुकूम देता येतो त्या काळ्या खिडकीत टूलचं नाव टाइप केलं. असं काही इथे नाही, असं उत्तर आलं. याचा अर्थ टूल नाहीच असा होत नाही. ते कुठे ठेवलंय हे मशीनला कुणी सांगितलेलं नाही, एवढाच होतो. हे असं रोजचं उत्तर. त्या दिवशी मात्र तिने ते दोनदा वाचलं.

मग तिने सगळी डिस्क धुंडाळली. टूल बाबूरावांच्या पुतण्याच्या, अश्विनच्या, जुन्या फोल्डरात निघालं. शेजारीच नियमांची फाइल होती. अश्विनने हे सगळं बसवलं आणि नोकरीसाठी बंगळूरला निघून गेला. तिने टूलला पूर्ण पत्ता दिला, क्षेमाची नोंद काढली आणि तपासणी चालवली.

एकच ओळ आली. ज्ञानदीपच्या नोंदीत जिच्याकडे बोट दाखवलंय, ती व्यक्ती सापडत नाही.

अश्विनचा नियम साधा होता. भाऊ-बहीण दोघं पुस्तिकेत असतील तर एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीकडे बोट दाखवते, आणि जिच्याकडे बोट दाखवलं ती नोंद फायलीत असायलाच हवी. ज्ञानदीपने बहीण म्हणून क्षेमाचं नाव दिलं होतं. ते होतं तोवर क्षेमा निघणार नव्हती. धम्मदीनाने पडदा त्यांच्याकडे वळवून हे सांगितलं.

"मग याच्या नोंदीत लिही, बहीण नाही," कौसल्याबाई म्हणाल्या.

"असं कसं लिहायचं?" ज्ञानदीप म्हणाला.

"नाहीतर लोक विचारतील, कशाने गेली, घरात आणखी कुणाला काही आहे का. तुझं जमायचं आहे अजून."

"जमू दे नाहीतर राहू दे. राखी मला तिनेच बांधली ना? की शेजारणीने?"

"मग उचल तू फोन! मी नाही उचलणार."

"उचलतो. माझाच नंबर टाका, ताई."

कौसल्याबाई पडद्याकडे बघत राहिल्या. फायलीत फोटो नव्हता, नुसत्या खुणा आणि अक्षरं. "टाक त्याचा नंबर," शेवटी त्या म्हणाल्या.

धम्मदीनाने नियमच बदलला. बहीण हयात नसेल तर तिच्या स्वतंत्र नोंदीची गरज नाही, नाव पुरे. ज्ञानदीपच्या नोंदीत ओळ आली: बहीण, कालकथित क्षेमा. समाजात गेलेल्याच्या नावाआधी लावतात तो शब्द. टूल पुन्हा चालवलं. चूक नाही.

पुस्तिका प्रेसला जायला आठवडा उरला होता. ज्ञानदीप आईला घेऊन गेला तरी धम्मदीना लॅपटॉपसमोर बसून होती. टूलने सगळी फाइल बिनचूक ठरवली होती. फायलीत नाव आलेली माणसं फायलीत आहेत की नाहीत, एवढंच त्याला विचारता येतं; जगात आहेत की नाहीत, हे नाही.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती एकेका घरी फोन लावू लागली. मुलाचं किंवा मुलीचं नाव तिने कुठेच घेतलं नाही. तसं विचारलं की समोरचं माणूस हो म्हणून बसतं, हे तिने ऐकलं होतं. "जयभीम, मंडळातून बोलते. तुमच्या घरची नोंद यंदा ठेवायची का?" बहुतेकांनी ठेवा म्हटलं. काहींनी लग्नाची बातमी दिली, एकाने मंडळालाच दोन शब्द सुनावले.

शुक्रवारी एका घरी फोन उचलला गेला. तिने विचारलं. पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो कुणीतरी बंद केला.

मग एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "तो गेल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"