शवासनातले घावणे

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत सकाळी सहाला हॉलमध्ये योगवर्ग भरतो. शिकवते ती बी विंगमधली पंचविशीतली मुलगी. आवाज मधाचा, शिस्त मात्र हेडमास्तरांची. पहिल्याच आठवड्यात तिने बजावलं की नुसतं वाकून उपयोग नाही, प्रत्येकाने एक संकल्प करायचा आणि शवासनात डोळे मिटून तो मनातल्या मनात तीनदा म्हणायचा. तोही असा, की जणू पूर्ण झालाच आहे. 'मला शांत व्हायचंय' नाही, 'मी शांत आहे'.

मी दोन दिवस प्रामाणिकपणे 'मी शांत आहे' म्हणून पाहिलं. मध्येच डब्याची भाजी आठवायची. तिसऱ्या दिवशी मी खरा संकल्प केला: 'भाचीच्या लग्नातलं ब्लाउज मला व्यवस्थित बसतंय.' इतकं धडधडीत खोटं आडवं पडून म्हणायला फार बरं वाटलं.

माझ्या डावीकडे चौथ्या मजल्यावरचे काका झोपायचे. मूळचे मालवणकडचे, उमेदीची वर्षं गिरणीत गेलेली, आता ऐंशीच्या घरात. त्यांच्या पलीकडे त्यांची सून. तीच त्यांना हट्टाने घेऊन यायची. आडवं पडलं की कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून काका ते काढून ठेवायचे. त्यामुळे आपण मनात बोलतोय की मोठ्याने, हे त्यांना कळत नसे. आम्हालाही ते त्या तिसऱ्या दिवशीच कळलं.

"आमच्या घरातलो ओट्सचो उपमो बंद झालो हा," काका शांतपणे म्हणाले. मग नियमाप्रमाणे आणखी दोनदा.

हसू दाबायच्या नादात माझं पोट गदागदा हलायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. ती मुलगी हलकेच माझ्याजवळ आली, कपाळावर हात ठेवला आणि पुटपुटली, "येऊ द्या काकू, अडवू नका. खूप दिवसांचं साठलेलं असतं." त्यानंतर माझी पुरती वाट लागली.

वर्ग संपल्यावर सुनेने चटई करकचून गुंडाळली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने सगळ्यांना म्हणून, पण काकांसमोर उभं राहून आणि बराच आवाज चढवून सांगितलं की संकल्पात काही बंद करायचं नसतं, काहीतरी मिळवायचं असतं. काकांनी ते मनावर घेतलं.

"माका रोज न्याहारेक घावने गावतत," त्या दिवशी शवासनात ऐकू आलं. तीनदा.

मग पलीकडून सून, डोळे मिटलेलेच ठेवून, स्पष्ट म्हणाली, "माझे सासरे रविवारी सगळ्यांसाठी घावणे करतात."

काकांना अर्थातच ऐकू गेलं नाही. उठून त्यांनी मशीन लावल्यावर तिने तो संकल्प त्यांना पुन्हा ऐकवला. काकांनी लगेच विचारलं,

"तांदूळ कोण वाटतलो?"

"मी वाटेन, बाबा. तव्यापुढे तुम्ही."

रविवारी सुनेकडूनच कळलं की पहिले तीन तव्याला चिकटले आणि ती हाताची घडी घालून बघत उभी राहिली. चौथा सुटला तेव्हा काकांनी तो ताटलीत घालून आधी तिला दिला. मग दोघं भलामोठा डबा आणि ओल्या नारळाची चटणी घेऊन हॉलमध्ये आले. वर्ग संपला होता. आसनांनंतर लगेच खायचं नसतं, असं ती मुलगी म्हणाली. तेवढ्यात झाकण उघडलं. तांदळाचे पांढरेशुभ्र, जाळीदार घावणे बघून तिने चार खाल्ले, तेही सतरंजीवर पाय पसरून.

बाकीचे सहा दिवस त्यांच्याकडे ओट्सचा उपमाच असतो. काका कुरकुर करत खातात, असं सून सांगते. पण पुढच्या रविवारी वर्गाला नेहमीच्या अकराऐवजी एकोणीस जण आले, आणि त्यातल्या चौघांनी चटईच आणली नव्हती.