बर्फ म्हणून रंगवलेलं पाणी

दापोड्याला एका गोदामाच्या वर आमचं ऑफिस आहे. तिथे मी तीन वर्षं बर्फ रंगवते आहे. उपग्रहाच्या रडारने टिपलेली ध्रुवाकडच्या समुद्राची करडी चित्रं स्क्रीनवर येतात. माऊसने हद्द आखायची आणि सांगायचं, हे पाणी, हा कोवळा बर्फ, हा जुना. आमच्या खुणांवरून मशीन शिकतं आणि मग स्वतः बर्फ ओळखतं. मी बर्फ पाहिला तो फक्त मासळीच्या पेटीतला.

आधी मी लूमच्या कापडातले दोष तपासायचे. नजर तयार होती, म्हणून ऑफिसातल्या नव्या मुली अडल्या की मलाच विचारत.

प्रत्येक जागेची दोन चित्रं येतात. पहिलं स्पष्ट असतं, दुसऱ्यात नुसते दाणे दाणे. दोन्ही बघायची असा नियम. पण दुपारपर्यंत डोळे इतके चुरचुरायचे की मी दुसरं उघडणं सोडून दिलं. मुलींनाही सांगितलं, "पहिल्यातच कळतं गं सगळं."

एका सोमवारी साहेब म्हणाले, चाचणीत मशीन उघड्या समुद्राला बर्फ म्हणतंय. माझ्या शेजारी बसणाऱ्या आपा वयाने मोठ्या, रोज धामणकर नाक्यावरून माझ्याबरोबरच रिक्षाने येतात. त्यांनी माझं एक जुनं काम उघडलं. पहिल्या चित्रात पांढरट पट्टा होता, मी बर्फ ठरवलेला. दुसऱ्या चित्रात तीच जागा काळी; बर्फ असता तर तो तिथेही उजळ दिसला असता.

"हा बर्फ न्हाय गं," त्या हळूच म्हणाल्या. "वाऱ्याने पाणी खवळलंय."

"मी दुसरं उघडतच नव्हते, आपा."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

आपांनी ते चित्र बंद केलं. "साहेबांना जाऊन सांग. नायतर पोरींवर येईल."

मी सांगितलं. साहेब ओरडले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सगळी परत करावी लागतील."

सगळ्यांनी मिळून केली. दोन महिने गेले त्यात. मुली भांडल्या नाहीत, पण जेवायला मला हाक मारेनाशा झाल्या. आपा तेवढ्या डबा घेऊन माझ्याजवळ बसायच्या.

पुढच्या चाचणीत मशीन पास झालं. साहेबांनी जिलेबी मागवली. मी एक तुकडा खाल्ला आणि डोळे मिटून बसले.

आता सोपी चित्रं मशीनच उरकतं. आमच्याकडे येतात ती त्याला न उमगलेली. दोन्ही उघडते, पुन्हा पुन्हा बघते, आणि तरीही कधीकधी मला सांगता येत नाही.