एनॉकची उभं राहायची जागा

पर्सी माल्टबीला एनॉक टास्कर खरा फार थोडा ठाऊक होता. एनॉक काटेरी कुंपणं विणायचा, एकटा राहायचा, चहात तीन चमचे साखर घालायचा. बाकीचा एनॉक पर्सीने जळफळाटातच रचला होता.

जळायला कारण होतं. पर्सीच्या कुरणाखाली सहाशे वर्षांपूर्वी उठून गेलेलं गाव होतं. वर उरले होते नुसते गवताळ उंचवटे. त्या गावच्या छोट्या चर्चचा तर एक दगडही वर दिसत नव्हता. दर मे महिन्यात पाद्री शिवाराला आशीर्वाद द्यायला मिरवणूक घेऊन यायचे आणि एनॉक उभा राहील तीच वेदीची जागा समजून सगळे गुडघे टेकायचे.

"कुरण आपलं अन् मान त्याचा!" बायको, हिल्डा, टोमणा मारायची. "तू आपल्या मेंढ्या हाक."

एकोणीसशे शहात्तरच्या उन्हाळ्यात, एरवी तिथे उन्हाळाभर पडतो तो पाऊसच झाला नाही. जमिनीत गाडलेल्या भिंतींवर माती कमी, तिथलं गवत आधी करपलं आणि एका सकाळी पर्सीला चर्चचा अख्खा आराखडा पिवळ्या रेघांत दिसला. एनॉकच्या जागेपासून चांगला चाळीस पावलं दूर, ओढ्याकडे! म्हणजे इतकी वर्षं लोक जुन्या गावातल्या कुणाच्या तरी गोठ्यात गुडघे टेकत होते.

पर्सी तडक एनॉकच्या घरी गेला. एनॉक खोकत अंथरुणात पडला होता.

"चर्च सापडलं मला, म्हाताऱ्या! ओढ्याजवळ आहे."

"हो, तिथेच. एकोणपन्नासच्या दुष्काळात पाहिलंय मी."

"अन् बोलला नाहीस?"

"काय बोलू? मी नुसता दम खायला थांबलो होतो, तर जुन्या पाद्रीबुवांनी तिथेच गुडघे टेकले. दरवर्षी तिथेच. संधिवाताचा माणूस, चिखलातून ओढ्यापर्यंत नेऊ?"

पर्सी दाराकडे वळला. हेही आधी त्यालाच माहीत!

सप्टेंबरात पाऊस आला, रेघा मिटल्या, एनॉकही गेला. पुढच्या मे महिन्यात नव्या पाद्रींनी वेदीची जागा पर्सीला विचारली. तो ओढ्याकडे दोन पावलं गेलाही. पण तिथे उभं राहायचं तर कारण सांगावं लागणार, एनॉक का बोलला नाही तेही सांगावं लागणार, आणि मग सगळ्यांच्या तोंडी पुन्हा एनॉकचाच चांगुलपणा. तो मागे वळला आणि एनॉकच्या जागी जाऊन उभा राहिला.

"बरोब्बर एनॉकचीच जागा," मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

चर्च सापडलं त्या दिवशी एनॉकच्या घरून निघताना पर्सीने त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं.

"फाटकाची कडी लाव हं जाताना," एनॉक म्हणाला होता.

"लावतो."