बोळातली अकरा पानं

आमचं घर आणि शेजारची इमारत यांच्यामध्ये एक बोळ आहे. तिथं ऊन पोचत नाही. तुळस वाळली, मोगऱ्याला कळीच धरली नाही. मग नर्सरीवाल्यानं ॲस्पिडिस्ट्रा दिलं. चीन-जपानकडचं झाड, सावलीतच वाढणारं, शोभा सगळी पानांची. जमिनीतून एकेक पान सरळ वर येतं, कागदाच्या सुरळीसारखं, आणि सावकाश उलगडतं. वर्षाला तीन-चार पानं, बस. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी मी त्याच्यासाठी बाजूला ठेवायचे. तीन वर्षांत अकरा पानं झाली.

यंदा महालक्ष्म्या बसल्या त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर देवींच्या मागं हिरवी कमान. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या सख्ख्या काकूनं गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या सोनेरी कापडावर पानं पंख्यासारखी टाचली होती. बायका विचारत होत्या, खरी का प्लास्टिकची. "घरची आहेत," काकू सांगत होती. मी मोजली. अकरा. बोळात जाऊन पाहिलं, तर मातीला लागून कापलेले देठ.

चारचौघांत मला बोलता येत नाही. आईनं हातात कुंकवाचा करंडा दिला आणि सणाच्या दिवशी तोंड वाकडं करू नको म्हणाली. मी एकेकीला कुंकू लावत राहिले. शेजाऱ्यांच्या जास्वंदीला हात लावायचा तर काकू आधी फाटकातून हाक मारते. मला विचारावंसं तिला वाटलं नाही, कारण मी नाही म्हणत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. या गोष्टीचा राग पानांपेक्षा जास्त होता.

देवी उठल्यावर काकू स्वतः खाली आली, पानं ओल्या फडक्यात गुंडाळून.

"घे गं तुझी पानं. लई चिवट हायेत, एक पण सुकलं नाय."

"काकू, ती आता परत लागत नाहीत."

माझा आवाज कापत होता. ती हसली. "आगं, पानंच ती. येतील की."

येतील. कंद जमिनीत आहे, हे तिच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. म्हणून तिनं केलेलं बरोबर ठरत नाही.

मी पानं बादलीत घालून जिन्यात ठेवली, तिच्या रोजच्या वाटेवर. पंधरा दिवस ती हिरवीगार होती. जाता-येता काकू कौतुकानं हात लावायची. मग टोकं पिवळी पडली, कडा मऊ झाल्या. एके सकाळी ती म्हणाली, उचल आता ते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं.

"राहू द्या," मी म्हणाले. "बोळात नवं पान आलं की उचलीन."

या वेळी आवाज कापला नाही. काकू वर गेली.

बादली अजून जिन्यातच आहे. पाणी मी दर दोन दिवसांनी बदलते, नळाला आलेलं नसलं तरी.