ओकादा-सानांचा चमचा

जपानमधल्या त्सुकुबा शहरातल्या वृद्धाश्रमांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना नर्स सुरुचीताई शिकवत होत्या. "फायली काय, कुणीही तपासेल! आधी पेशंट होऊन बघा," असं म्हणत त्यांनी त्या अधिकाऱ्यांपैकी ओकादा-सानांना, म्हणजे ओकादासाहेबांना, खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभ्यानंच, गिळायला त्रास होणाऱ्यांना देतात तसा दाटसर केलेला चहा चमच्याने भरवला. मान वर करून गिळताना त्यांना ठसका लागला. मग ताई समोर बसल्या, तेव्हा तोच चहा सहज घशाखाली उतरला.

"भूकंपानंतर छावणीत आईला मी उभ्यानंच भरवायचो," ओकादा-सान हळूच म्हणाले. "ती ठसकायची आणि मी तिच्यावरच चिडायचो."

ताईंनी चमचा त्यांच्या हाती दिला. "आता मला भरवा."

सवयीनं ते उठू लागले, थबकले, पुन्हा बसले.

"सावकाश, आई," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

ताईंनी तोंड उघडलं.