मेलेला कोसा आणि दुपारचे सव्वादोन

आमच्या घरात एक कोसा आवाज करत होता, आणि तो मेलेला होता.

कोसा म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोष. आमच्याकडे ऐनाच्या झाडावर लटकलेला दिसतो. माझी मुलगी पायल बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. दहावीच्या पोरांना समजतील असे जीवशास्त्राचे व्हिडिओ करायचे, हा तिचा प्रकल्प. तिनं सहा कोसे आणून सौंदडच्या आमच्या घरात, मागच्या अंधाऱ्या खोलीत टांगले आणि समोर मोबाइल लावला. पाच कोशांतून पाखरं निघाली, पण दरवेळी नेमकी बॅटरी उतरलेली! उरला सहावा. सोमवारी व्हिडिओ जमा करायचा होता.

गुरुवारी मोबाइलमध्ये आवाज सापडला. खस्स... खस्स... खस्स. दुपारी सव्वादोन. शुक्रवारी पुन्हा, सव्वादोन!

"बाबा, आत काहीतरी वळवळतंय!"

"असन," मी म्हणालो. (म्हणजे असेल. मी जास्त बोलत नाही.)

शनिवारीही सव्वादोनला तोच आवाज. आता मात्र पायलला धीर धरवेना. तिनं कात्रीनं कोसा कापला. आत काळी, वाळलेली अळी. बोट लावताच तिची भुकटी झाली.

"ही तर कधीचीच मेली आहे," पायल हळूच म्हणाली.

"मंग आत्ता कोन आवाज करून राहिलं होतं वं?" माझी बायको मंदा दारातून म्हणाली. तिनं मोबाइल कानाला लावला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अवं माय! हे तं मामाजी होत! असेच पन्नी घोटत बसत!"

मामाजी म्हणजे माझे वडील. खर्रा खायचे. (सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटायचा.) तोंडाच्या कॅन्सरनं गेले, त्याच मागच्या खोलीत. त्यानंतर मी पायलच्या डोक्यावर हात ठेवून खर्रा सोडल्याची शपथ घेतली होती.

आता खरं सांगतो. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे गोठा आहे. भिंतीला झरोका आहे. आणि मी रोज जेवून, सव्वादोनला, बैलाला पाणी पाजायला गोठ्यात जायचो.

तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. मी काय म्हणालो?

"असन."

एका शब्दात मेलेल्या बापावर आळ!

मंदाला रात्रभर झोप नाही. "खर्र्यात जीव अटकला असन त्यायचा. ठेवून देऊ एक डाव समोर." लग्नापासून माझे खिसे उलटे करून झटकणारी ही बाई, रविवारी स्वतः पानठेल्यावर गेली, ताजा खर्रा बांधून आणला आणि मागच्या खोलीत वडिलांच्या फोटोपुढे ठेवला. वर उदबत्ती! उदबत्तीच्या धुरातही मला वास येत होता तो त्या पुडीचाच.

अडीचला पुडी गायब.

"घेतलं मामाजीनं!" मंदा हात जोडून रडायलाच लागली. "पायल, पाय पड वं आबाच्या!"

पायल पाया पडली नाही. तिनं सकाळीच गुपचूप कपाटावर लावून ठेवलेला मोबाइल उचलला आणि टीव्हीला जोडला.

पडद्यावर वडिलांचा हार घातलेला फोटो. खाली पुडी. बराच वेळ फक्त धूर हलत होता. मग डावीकडून एक हात आला. चुन्यानं पांढरी पडलेली नखं, वाकडा अंगठा.

"मामाजीचा हात!" मंदा किंचाळली.

खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. लहानपणापासून पाहिलेला तो वडिलांचाच हात होता. त्यानं पुडी उचलली, क्षणभर थांबला आणि फोटोला नमस्कार केला.

मनगटावर घड्याळ मात्र पायलनं मला वाढदिवसाला दिलेलं होतं.

गोठ्यात बैल हंबरला. त्याला पाणी पाजायचं राहिलं होतं. (तसं ते रोजच राहायचं.)

"बाबा," पायल म्हणाली, "माझ्या डोक्यावर ठेवला होता तो हाच हात ना?"

मंदा शिव्या देईल याची मी वाट पाहत होतो. तिनं एकही दिली नाही. मला खरी भीती तेव्हा वाटली.

पायलनं डोळे पुसले आणि मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "आ करा."

"कायले?"

"उद्या व्हिडिओ द्यायचा आहे. पाखरू नाही निघालं, पण नमुना घरात आहे. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. बघू तुमच्या किती जातात ते."

एक गेलं. दुसरं कसंबसं. तिसरं दातांवरच अडलं. पायल मोठ्यानं मोजत होती; तिसऱ्या बोटाला तिचा आवाज रडवेला झाला. तो तसाच व्हिडिओत राहिला आहे.

सोमवारी व्हिडिओ कॉलेजात गेला, मंगळवारी मी गोंदियाला डॉक्टरकडे. "वडिलांपर्यंत अजून पोचला नाहीत," डॉक्टर म्हणाले, "पण रस्ता तोच धरला आहे." खर्रा त्या दिवशी सुटला. या वेळी शपथ कोणी मागितली नाही. मंदा रोज सव्वादोनला स्वतः बैलाला पाणी पाजते, आणि येताना माझे खिसे तपासते.

पायलचं म्हणणं, कबुलीही कॅमेऱ्यासमोरच द्यावी. मी दिली. पण दोन बोटांएवढ्याच उघडणाऱ्या तोंडातून काय निघालं ते घरात कोणालाच कळलं नाही! गावात मला शांत, मोजकं बोलणारा माणूस म्हणून मान आहे. त्या मानाचं सगळं श्रेय सुपारीचं.

म्हणून हे लिहून काढलं. लिहायला तोंड लागत नाही, हात पुरतो. तो हात नक्की कोणाचा, ते मंदा अजून ठरवून राहिली आहे.