साखराबाईची पुरचुंडी

धारूरच्या घाटाखालच्या त्या गावात साखराबाईचं दुकान होतं. दुकान कसलं, घराच्या पुढच्या खोलीत मांडलेल्या चार बरण्या! नवरा धुळाजी मेंढरांमागं रानोमाळ आणि ही बरण्यांमागं. चहापत्ती, काडेपेटी, साबण असलं मिळायचं. पण बाया तिच्या दारात यायच्या त्या गोळ्यांसाठी. कंबर धरली? लाल गोळी. अंग मोडून आलं? लाल आणि पिवळी जोडीनं. गोळी हातावर ठेवताना साखराबाईचा चेहरा असा गंभीर व्हायचा की बघत राहावं.

दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या निघत. ट्रॅक्टर येऊन उभा राहिला की बाया आधी साखराबाईकडं पळत. ती चकाकत्या पाकिटातून एकेक गोळी फोडून काढायची, कारण पाकीट कमरेला टोचतं. मग जुन्या लुगड्याच्या चिंधीत गोळ्यांची पुरचुंडी बांधायची, बाईच्या कनवटीला खोचायची आणि कपाळाला कुंकू लावायची. "साखरा, तुज्या हातानं निभलं गं," असं बाया परत आल्यावर म्हणत. त्या एका वाक्यावर बाई वर्षभर फुलून असायची.

आणि मग फाट्यावर धनश्रीनं मेडिकल टाकलं. धनश्री म्हणजे गावातल्याच रतनबाईची सून, अंबाजोगाईला औषधांचं शिकून आलेली. काचेची कपाटं काय, पांढरा कोट काय! त्याच सुमारास औषध खात्याचा साहेब गावात आला आणि बजावून गेला, की किराण्यात दुखण्याच्या गोळ्या विकायच्या नाहीत. मेडिकलातसुद्धा जालीम गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायची नाही. साखराबाईनं गोळ्यांचा डबा ज्वारीच्या कणगीत पुरला आणि ठरवून टाकलं, की चुगली त्या कोटवालीनंच केली. त्या बिचारीला साहेब येणार हेही ठाऊक नव्हतं. पण जळणाऱ्याला कोण समजावणार?

जळत होती हो, चांगलीच जळत होती! कोण कोण फाट्याकडं वळतंय ते दारात बसून बघायची. धनश्रीचं हसणंसुद्धा तिच्या डोळ्यांत खुपायचं. धुळाजी एकदा म्हणाला, "अगं, कशापायी एवढी जळतीस? पोरगी शिकल्याली हाय."

"मी कशाला जळू तिच्यावर?" असं म्हणाली आणि त्याच्या कालवणात दोनदा मीठ टाकून बसली.

या वर्षी टोळी निघायच्या दिवशी दगडाबाई आली. दोघी एकाच माहेरच्या, लहानपणापासूनच्या मैत्रिणी. दगडाबाईची पहिली पुरचुंडी साखराबाईनंच बांधलेली. पण आज तिच्या हातात मेडिकलची कागदी पिशवी होती.

"धनश्रीनं डाक्टरकडं धाडलंतं," दगडाबाई म्हणाली. "जेवल्याबिगर घ्यायची न्हाई, आन हिच्यासंगं दुसरी कंचीच गोळी न्हाई. लई मायेची पोरगी हाय. पोटात आग पडती का म्हून इचारलं तिनं. तू कंदीच न्हाई इचारलंस, साखरा."

झालं! साखराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. कणगीत हात घालून तिनं डबा काढला, हिरव्या लुगड्याची चिंधी फाडली आणि लाल गोळ्या बांधल्या.

"ही बी घे. तिच्या गोळीनं काय व्हतंय?"

"दोन्ही?"

"माज्या हातावर इस्वास न्हाई ऱ्हायला का?"

दगडाबाईला वाटलं, मैत्रिणीचं मन कसं मोडायचं? तिनं पुरचुंडी कनवटीला खोचली, कुंकू लावून घेतलं आणि ट्रॅक्टरवर चढली.

संक्रांतीच्या आधीच तिला जीपमधून परत आणलं. उसाच्या फडातच काळी उलटी झाली होती. गावात न थांबता जीप थेट अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेली. दुपारी धनश्री मेडिकल तसंच उघडं टाकून साखराबाईच्या दारात आली. बाया बसलेल्याच होत्या.

"मावशी, दगडामावशीच्या पोटात रक्तस्राव होतोय. तिला शुद्ध नाही. डॉक्टर विचारतायत, आणखी काय खाल्लं? पुरचुंडीत सुट्ट्या गोळ्या निघाल्या, त्यांचं नाव कुणालाच कळत नाही." तिनं फोन पुढं केला. त्यात हिरवी चिंधी दिसत होती.

साखराबाईनं 'मला काय म्हाईत' एवढंच म्हणायचं होतं. साहेबाचा ताप नाही, आणि कोटवालीपुढं मान खाली घालायची वेळ नाही. शब्द अगदी ओठावर आले होते. पण ती गाठ तिची स्वतःची होती. दगडी मेली तर?

साखराबाई उठली. सगळ्या बायांदेखत तिनं कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि डबा धनश्रीपुढं आदळला. "ह्या दिल्या मी. रोज घे म्हणलंतं."

धनश्रीनं डब्यातलं पाकीट उलटं करून वाचलं. "मावशी, डॉक्टरांनी दिलेलं औषध हेच आहे. फक्त रंग वेगळा. तेच तिच्या पोटात दुप्पट गेलं." लगेच तिनं फोन लावून दवाखान्यात नाव सांगितलं. साखराबाईला ती एका शब्दानं बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. इतकी वर्षं आपल्याला नुसता रंग दिसत होता आणि हिला नाव वाचता येतंय, याचा साखराबाईला त्या घडीलाही हेवा वाटला. स्वतःची शरमही वाटली.

दगडाबाई वाचली. शिमग्याच्या सुमारास काठी टेकत ती साखराबाईच्या ओट्यावर येऊन बसली. चहा झाला. डब्याचा विषय दोघींनीही काढला नाही.

"साखरा, कंबर लई दुखती गं," ती सवयीनं बोलून गेली.

साखराबाईचा हात बरण्यांकडं जाता जाता थांबला. तो तिनं पदरात गुंडाळला आणि म्हणाली, "धनश्रीकडं जा. तिला इचार."

दगडाबाई उठली आणि फाट्याकडं चालू लागली. साखराबाई दारात उभी राहून बघत होती. आतल्या आत जळत होतीच. दगडाबाई वळणावर पोचली तेव्हा तिला राहवलं नाही. ती ओरडली, "पोटात आग पडती का न्हाई, ते बी सांग तिला!"